न शेकलेली दवंडी

मित्रांनो, मी एक जुनं डफडं आहे. हिवराबोडी गावच्या कोतवालाचं. गेली तीन वर्षं मी भिंतीवरच्या खुंटीला लटकून आहे. माझं कातडं सैल पडलं आहे आणि एका कडेला उंदरानं दात लावले आहेत. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की हळू आवाजात बोलतात, हे मला माहीत आहे. मला हळू बोलता येत नाही. माझा जन्मच ओरडण्यासाठी झाला. शिवाय मला राग आला आहे, आणि आठ वर्षांत तो कणभरही कमी झालेला नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचे निरोप ओरडून सांगितले. आज माझा सांगतो.

माझं लाकूड शिवणीचं. आंबागडच्या जंगलातलं. गोमाजी तेव्हा गावचे कोतवाल होते. त्यांनी ते लाकूड खांद्यावर वाहून आणलं, पंधरा दिवस तासलं, घासलं, गोल केलं. कातडं गावातल्याच एका बोकडाचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कापलेल्या. त्याचं मटण कोणी खाल्लं ते मला ठाऊक नाही, पण त्याचा आवाज माझ्याकडे आला.

कातडं ताणून झाल्यावर गोमाजींनी अंगणात तणीस पेटवली. तणीस म्हणजे धान झोडपल्यावर उरतो तो पेंढा. त्याचा जाळ भस्सकन उठतो आणि लगेच बसतो. त्या जाळावर त्यांनी मला धरलं, फिरवलं आणि आपल्या मुलाला, इश्वरला, जवळ बोलावलं.

"पाय बाबू, कातडं वलं असलं का ते तोंडातल्या तोंडात पुटपुटते. कोनी आयकत नाई. त्याले जाळ दाखव, मंग आयक."

आणि त्यांनी माझ्यावर वाजवायची काडी मारली. मी टणाण् वाजलो. तलावाच्या पाळीवरचे बगळे उडाले. माझा पहिला निरोप तो. त्यात शब्द नव्हते, फक्त मी आहे एवढंच होतं.

गोमाजी गेले आणि कोतवालकी इश्वरकडे आली. आम्ही दोघांनी मिळून हे गाव चालवलं, असं म्हटलं तर कोणाला झोंबेल, झोंबू दे. उद्या तलावाचं पाणी सोडणार, आपापल्या बांध्यांची, म्हणजे धानाच्या शेतांची, तोंडं सांभाळा. रेशनची साखर आली. देवीची लस टोचणारे आले, पोरं लपवू नका. अमक्याची म्हैस हरवली, डावं शिंग तुटकं आहे. माझा आवाज ऐकला की चिखलातली माणसं कंबर सरळ करून उभी राहत आणि कान देत. पावसाळ्यात इश्वर घोंगडीखाली मला पोटाशी धरून न्यायचा. प्रत्येक वस्तीत शिरताना कोणाच्या तरी छपरीत तणीस पेटवून मला शेकायचा, मगच काडी मारायचा. बारा वर्षांत त्यानं एकदाही मला थंड वाजवलं नाही. लोक म्हणत, इश्वरची दवंडी झोपलेल्या माणसालाही उठवते.

आता ऐका. हिवराबोडीचे दोन भाग आहेत. एक बस्ती. तिथे ग्रामपंचायत, बस थांबा, दुकानं, सरपंच कृष्णरावांचं घर आणि भैय्यालालसेठची धानाची मिल. दुसरी टोली. मध्ये नाला. उन्हाळ्यात त्या नाल्यातून कोंबडी चालत जाते आणि पावसाळ्यात बैलजोडी वाहून जाते. इश्वरचं घर टोलीत. त्याची छपरी लांबरुंद, म्हणून टोलीतल्या बाया तिथेच बिड्या वळायला बसत. मी वर खुंटीला, खाली पंधरा-वीस बाया, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेला तेंदूपत्ता आणि तंबाखू.

त्यांच्यात एक निर्मलाबाई. बपेरा गावची लेक, सहावी शिकलेली. टोलीत दुसरी कोणती बाई तेवढी शिकलेली नव्हती. तंबाखू जुन्या वर्तमानपत्रात बांधून येई. निर्मलाबाई तो कागद झटकून गुळगुळीत करायची आणि मोठ्यानं वाचायची. ती वाचत असताना तिचे हात थांबत, म्हणून बाकीच्या बाया आपापल्या सुपातून चार-चार बिड्या तिच्या सुपात टाकत. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कधी मोजलं नाही. वाचणारीचं सूप रिकामं राहता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं. मी पुष्कळ सभा पाहिल्या, पुढारी पाहिले. इतकी सरळ व्यवस्था कुठे पाहिली नाही.

पण कागद तंबाखूच्या मापानं फाडलेला असायचा. गोष्ट अर्ध्यावर तुटायची. एकदा एका खटल्याची हकिकत आली. नवऱ्याला विष घातल्याचा एका बाईवर आरोप. साक्षी झाल्या, वकील बोलले, न्यायाधीश उभे राहिले आणि कागद संपला.

"अवं, मंग?" इश्वरची बायको देवकाबाई म्हणाली. "फाशी झाली का सुटली?"

"आता मले काय माहीत? पुढचा कागद दुसऱ्याच्या तंबाखूत गेला."

"मी सांगते," कोपऱ्यातून गिरजाबाई म्हणाली. ही म्हातारी, गुडघ्यानं अधू, तोंडानं नाही. "सुटली. नवरे अशेच मरत असतेत, त्याले विष कायले पाह्यजे?"

बाया हसल्या. पण चार दिवस त्यांच्या डोक्यातून ती बाई गेली नाही. चौथ्या दिवशी देवकाबाई म्हणाली, "निर्मला, अख्खं पुस्तक कुठी भेटत असते वं?"

त्या एका प्रश्नावरून निर्मलाबाईनं अर्ज लिहिला. टोलीत सार्वजनिक वाचनालय द्यावं. खाली एक्केचाळीस अंगठे. जागाही तिनंच शोधली. टोलीच्या मध्यावर जुनं कांजीहाऊस होतं, मोकाट जनावरं कोंडायची सरकारी जागा. तिच्या भिंती शाबूत होत्या, दारात विहीर होती, आणि कित्येक वर्षांत तिथे शेळीसुद्धा कोंडलेली नव्हती. छप्पर घातलं की वाचनालय तयार. ती अर्ज घेऊन तीन वेळा तुमसरला गेली, दोन वेळा भंडाऱ्याला. कारकून तिला उद्या या म्हणत, ती उद्या जायची.

सन अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मंजुरी आली. इमारत मिळेल, पुस्तकं मिळतील, जागा ग्रामसभेनं ठरवावी आणि सभेची दवंडी दोन्ही वस्त्यांत द्यावी, असं कागदात लिहिलेलं होतं. दवंडी म्हणजे मी. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, एवढ्या वर्षांत म्हशी शोधल्या, साखर वाटली, आता एकदाच मोठं काम आलं.

मंजुरीचा वास लागताच भैय्यालालसेठ दानशूर झाला. मिलच्या मागची सखल पट्टी त्यानं वाचनालयाला दान देऊ केली. पावसाळ्यात तिथे बेडूक राहायचे आणि उरलेलं वर्षभर धानाचा भुसा उडून पडायचा. हे दान कशासाठी, ते गावातल्या बैलांनाही कळलं होतं. मिलकडे जाणारी वाट चिखलाची होती, धानाच्या गाड्या आखापर्यंत रुतायच्या. वाचनालय तिथे झालं की पंचायतीला मुरूम टाकून रस्ता करून द्यावा लागणार. रस्ता वाचनालयाचा, गाड्या मिलच्या.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी कृष्णरावांनी इश्वरला बोलावलं. मी त्याच्या काखेत होतो. सेठ तिथेच तखतावर बसून पान लावत होता.

"इश्वर, उद्या दहा वाजता सभा. दवंडी आज दुपारी दे. दोन्हीकडे. कायद्याचं काम आहे."

"होय जी, कृष्णरावजी. पन धानाच्या रोवन्या चालू आहेत. दुपारी टोलीत मानूस नसते. सांजच्याले देऊ का?"

"म्या दुपारी म्हटलं ना?"

"होय जी."

सेठनं पान गालात सारलं. "अन् टोलीत जाशीन तवा जाळबीळ पेटवू नोको बाप्पा. पावसाचे दिवस. कायले लोकायची तणीस खराब करतं?"

"थंड डफडं वाजत नाई जी, सेठ."

"वाजवायचं काम तुह्यं. आयकाचं काम त्यायचं."

दोघे हसले. इश्वर हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण मग कृष्णराव हळूच म्हणाले, "तुह्या नेमनुकीचा कागद माह्याकडं आला आहे. तुह्या बापाच्या नावावर किती दिवस कोतवालकी करशीन? सही करू का राहू देऊ, सांग."

इश्वरनं खाली पाहिलं. त्याच्या काखेला घाम सुटला, तो माझ्या लाकडाला लागला.

बस्तीत त्यानं मला शेकून वाजवलं. मी नेहमीसारखा वाजलो. लोक ओट्यावर आले, उद्या सभा आहे हे त्यांना समजलं. मग तो नाल्याकडे निघाला. पाऊस भुरभुरत होता. नाल्याच्या काठावर तो थांबला, आजूबाजूला पाहिलं आणि घोंगडीखालून मला बाहेर काढलं. पावसात धरलं. ज्या हातानं बारा वर्षं मला झाकलं, त्याच हातानं. कातड्यावर थेंब पडत होते आणि मी एकेका थेंबानं मुका होत होतो. मला वाटलं, तो विसरला असेल. मग मी त्याचं तोंड पाहिलं. विसरलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

टोलीत घरोघरी कड्या लावलेल्या. सगळ्या बाया रोवणीला गेलेल्या. इश्वरनं काडी मारली. भद्द. पुन्हा मारली. भद्द. ओल्या पोत्यावर लाथ मारल्यासारखा तो आवाज. तो माझा होता, हे सांगायलाही मला लाज वाटते.

गुडघ्यामुळे घरी राहिलेली गिरजाबाई तेवढी दारात आली.

"काहून रे इश्वर, डफडं भद्दभद्द करून राहिलं? पोट बिघडलं का त्याचं?"

"पाऊस आहे ना, मावशी."

"मंग शेक ना बाबू! तुह्या बापानं असं कवाच वाजवलं नाई. काय सांगून राहिला?"

"काही नाई. सरकारी आहे." आणि तो ओठातल्या ओठात म्हणाला, "उद्या दहा वाजता ग्रामसभा, वाचनालयाची जागा." ते मी ऐकलं. गिरजाबाईनं ऐकलं नाही. ऐकू नये म्हणूनच ते म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभेला एकोणीस माणसं आली. सगळी बस्तीतली. जिल्ह्याचे साहेब जीपनं आले होते. साधा माणूस, दूरच्या मुलखातला, चष्मा पुसत बसणारा. त्यांनी विचारलं, "टोलीतलं कोणीच नाही?"

"दवंडी देली जी साहेब," कृष्णराव म्हणाले. "गरज असती तं आले नसते का? इचारा कोतवालाले."

"दिली का दवंडी?"

"देली जी," इश्वर म्हणाला.

त्यात खोटं काय होतं? काहीच नाही. म्हणूनच मला आग लागते. 'दोन्ही वस्त्यांत दवंडी देण्यात आली' असं लिहिलं गेलं, खाली इश्वरचा अंगठा उमटला, एकोणीस हात वर झाले आणि वाचनालय मिलच्या मागे गेलं. त्या वेळी टोलीतल्या बाया दोन शेतं पलीकडे, घोट्याएवढ्या पाण्यात वाकून बस्तीवाल्यांच्याच बांध्यांत रोवणी करत होत्या. मोठ्यानं हाक मारली असती तरी आल्या असत्या.

दिवस मावळता देवकाबाई परत आली. पायांचा चिखलही धुतला नव्हता. वाटेतच तिला बातमी लागली होती.

"दवंडी देली होती का जी तुमी?"

"देली."

"कवा?"

"काल दुपारी."

ती चुलीमागच्या कोपऱ्यात गेली. मला शेकायला ती नेहमी तिथे कोरडी तणीस बांधून ठेवायची. पेंढी जशीच्या तशी होती. तिनं ती उचलून नवऱ्यासमोर टाकली.

"हे तं हाललीसुदिक नाई."

"पाऊस होता."

"पाऊस काय कालच पडला? बारा सालं झाले, पावसातच वाजवत आले ना तुमी?"

इश्वरनं पेंढी उचलून परत कोपऱ्यात ठेवली. देवकाबाईनं पुढे विचारलं नाही. पण सकाळी ती निर्मलाबाईकडे गेली आणि आपल्या नवऱ्याविरुद्ध जे ठाऊक होतं ते सगळं सांगून आली. असं करायला छाती लागते. निर्मलाबाईनं तक्रार लिहिली: दवंडी भर दुपारी, रोवणीच्या वेळी आणि डफडं न शेकता दिली, ती कोणालाही ऐकू आली नाही, सभा पुन्हा घ्यावी.

भादव्यात साहेब चौकशीला आले. मिलमागच्या त्या जागेवरच सगळे जमणार होते. निर्मलाबाईनं आधीच कळवलं होतं की डफडं आणवा, तसंच थंड वाजवून पाहा, म्हणजे तुमच्या कानांनाच कळेल. तिचा माझ्यावर भरवसा होता.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं, मी ओलाच होतो. इश्वरनं मला खुंटीवरून काढलं. देवकाबाई दारात उभी राहिली. "आज तसंच न्या," ती म्हणाली. एवढंच. इश्वरनं मान हलवली आणि मला तसंच घेऊन निघाला. मित्रांनो, त्या वाटेवर मला पहिल्यांदाच मुकं असल्याचा अभिमान वाटला. आज मी भद्द वाजणार, वाईट वाजणार, गावासमोर माझी फजिती होणार आणि टोलीला तिची सभा परत मिळणार. एका डफड्याला याहून मोठं काम कोणतं मिळणार?

मिलच्या कडेनं जाताना भट्टी लागते. उसना तांदूळ करायला धान उकळतात ती भट्टी. भुशावर धगधगत असते. भट्टीजवळ सेठ उभा होता. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि सही दाखवली. इश्वरचा नेमणुकीचा कागद.

इश्वर थांबला.   मग त्यानं मला दोन्ही हातांत धरलं आणि भट्टीच्या तोंडाशी नेलं.

मी ओरडू शकलो नाही. मला कोणी मारल्याशिवाय ओरडता येत नाही, हीच माझी जात. माझं कातडं तापत गेलं, ताणत गेलं.

जागेवर साहेब, कृष्णराव, पाच-सहा माणसं आणि एकटी निर्मलाबाई.

"वाजवा," साहेब म्हणाले.

इश्वरनं काडी मारली. आणि मित्रांनो, आयुष्यात मी तसा कधीच वाजलो नव्हतो. भट्टीचा शेक कधी मिळालाच नव्हता ना! आवाज मिलच्या पत्र्यावर आदळला, नाला ओलांडून गेला, टोलीतली कुत्री भुंकू लागली. आणि पलीकडे, एक-एक करून, टोलीतल्या बाया घराबाहेर धावत आल्या. हातात सुपं तशीच. मागून गिरजाबाईसुद्धा, गुडघा ओढत. दवंडी ऐकून त्या आल्या होत्या. आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायला.

"पाहा जी," कृष्णराव म्हणाले. "लंगडी म्हातारीबी आली. आयकू येत नाई म्हनते!"

साहेबांनी चष्मा वर करून नाल्यापलीकडे पाहिलं. "बाई, आवाज तर चांगला जातो."

"साहेब, आज शेकलं आहे ते," निर्मलाबाई म्हणाली. "त्या रोजी शेकलं नव्हतं."

"शेकलं म्हणजे काय?"

"बाईमानसाले डफड्यातलं काय समजते जी, साहेब," कृष्णराव हसले. "ते काय भाकर आहे शेकाले?"

सगळे हसले. साहेबही थोडे हसले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. निर्मलाबाई इश्वरकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता अजून.

"इश्वरभाऊ, तुमी सांगा. तुमच्याच छपरीत वाचत असतो आमी. सांगा साहेबाले."

इश्वरनं जमिनीकडे पाहिलं. "रोजच्यासारखंच वाजवलं जी," तो म्हणाला.

झालं. तक्रार फेटाळली गेली. माझ्या जन्मातला सगळ्यात मोठा, सगळ्यात स्वच्छ आवाज खोटा होता. वस्तूला हात नसतात, वस्तूचा काय दोष, असं म्हणून तुम्ही मला सोडून द्याल. मी स्वतःला सोडलेलं नाही.

पुढच्या वर्षी वाचनालय उभं राहिलं. रस्ता त्याच्याआधी उभा राहिला. दारावर दात्याचं नाव पुस्तकांपेक्षा मोठ्या अक्षरांत. निर्मलाबाई तरी गेली. नाला ओलांडून, पदराखाली एक पुस्तक घेऊन यायची, आठ दिवसांत परत करायची. पण बायकांसाठी दुपारी दोन ते तीन एवढीच वेळ ठेवलेली, आणि त्याच वेळी वळलेल्या बिड्या ठेकेदाराकडे द्यायला जावं लागे. पावसाळ्यात पूर आला की नाला चार-चार दिवस कोणाला जाऊ देत नाही. तिसऱ्या वर्षी पुस्तकांच्या पानापानांत भुसा शिरला. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर धानाची पोती आत रचली गेली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. ती अजून तिथेच आहेत. पुस्तकांची कपाटं त्यांच्या मागे आहेत, वाळवीला विचारा.

इश्वरच्या छपरीत मात्र दुसऱ्याच दिवसापासून कोणी बसायला आलं नाही. बाया गिरजाबाईच्या अंगणात गेल्या. देवकाबाईही सूप उचलून तिकडेच जायची. घरी ती स्वयंपाक करायची, वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. नेमणुकीचा कागद इश्वरनं काचेत बसवून भिंतीला लावला, माझ्याच शेजारी. त्याच्याकडे घरातलं कोणी पाहत नाही. सन त्र्याऐंशीत पंचायतीनं भोंगा घेतला आणि माझं काम संपलं. भोंग्याचं तोंड बस्तीकडे आहे. टोलीत त्याची नुसती घरघर येते.

या वर्षी, सन शहाऐंशीत, निर्मलाबाईनं पुन्हा अर्ज केला. कांजीहाऊसच्या जागेत टोलीसाठी शाखा द्यावी. पुन्हा ग्रामसभा ठरली. सभेच्या चार दिवस आधी इश्वर खुंटीजवळ आला. त्याचे केस पिकले आहेत. त्यानं मला खाली घेतलं, माझ्यावरची धूळ पुसली.

"मी देतो दवंडी," तो बायकोला म्हणाला. "टोलीत. सांजच्याले. चांगली शेकून."

देवकाबाई पीठ मळत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"राहू द्या. आमी घरोघर सांगतलं."

इश्वर माझ्यासकट तसाच उभा राहिला. मग त्यानं मला पुन्हा टांगलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, बरं वाटलं.

सभेला टोलीतून एकशे बारा बाया गेल्या. रोवणीचे दिवस होते. त्यांनी त्या दिवशी रोवणीला जायला नकार दिला. पंचायतीच्या खोलीत त्या मावल्या नाहीत, रस्त्यावर बसल्या, त्याच रस्त्यावर, आणि धानाच्या गाड्या मागे उभ्या राहिल्या. ठराव झाला. आता तो ठराव कुठल्या तरी टेबलावर पडला आहे आणि कांजीहाऊसमध्ये अजून बाभळी उभ्या आहेत. निर्मलाबाई पुन्हा तुमसरला जाते, भंडाऱ्याला जाते, कारकून उद्या या म्हणतो. तिचं वय काही आता अठ्ठ्याहत्तरचं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं काय, चार वर्षांनी उंदीर उरलेलं खाईल. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या गावातही कशाची तरी जागा ठरेल. शाळेची, दवाखान्याची, वाचनालयाची. तेव्हा कोणी तरी कागद पुढे करेल आणि म्हणेल, सगळ्यांना कळवलं होतं. कोण आलं ते त्या कागदावर लिहिलेलं असतंच. तुम्ही उठा आणि मोठ्यानं विचारा, कोण आलं नाही? त्यांच्या दारात जा. ती माणसं त्या वेळी कोणाच्या शेतात वाकलेली होती ते पाहून या. आणि ती येईपर्यंत हात वर करू नका.